वाईट बातमी साहेबापर्यंत कधी पोहोचते?

नाशिकच्या सातपूर किंवा अंबडमधला एखादा प्रेसशॉप, म्हणजे पत्रा दाबून-कापून पार्ट काढणारा कारखाना, घ्या. तीस-चाळीस माणसं, आठ-दहा प्रेस, मोठ्या गाडी कंपनीला ब्रॅकेट पुरवायचं काम. सेकंड शिफ्टला रात्री नऊच्या सुमारास ऑपरेटरच्या लक्षात येतं की डायची, म्हणजे पत्रा कापणाऱ्या साच्याची, धार गेली आहे, पार्टच्या कडेला बर, म्हणजे खरखरीत धारदार किनार, यायला लागली आहे. माल अजून गेजमध्ये, म्हणजे माप तपासायच्या साधनात, बसतोय, पण अगदी काठावर. शिफ्ट संपायला वेळ आहे, आकडा पुरा व्हायचा आहे आणि डाय बसवणारा सेटर निघून गेलाय. आता त्याने मशीन थांबवून सुपरवायझरला फोन करायचा, की काही न बोलता ट्रॉली भरून घरी जायचं?

भिंतीवर लावलेली क्वालिटी पॉलिसी त्याला इथे काही मदत करत नाही. मागच्या वेळी कुणी मशीन थांबवली तेव्हा त्या माणसाचं काय झालं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. तेवढ्यावर तो ठरवतो.

टीममधला विश्वास, जबाबदारी, माणसामाणसांतलं नातं यावर ट्रेनिंगमध्ये भरपूर बोललं जातं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की हा सगळा गोड बोलण्याचा विषय आहे. माझ्या मते हा विषय थेट रिजेक्शनचा, अपघाताचा आणि कस्टमर कंप्लेंटचा आहे. खालची वाईट बातमी वर किती लवकर आणि किती खरी पोहोचते, यावरून टीममध्ये विश्वास आहे की नाही ते कळतं.

संशोधक याला मानसिक सुरक्षितता म्हणतात. या गटात मी शंका विचारली, चूक कबूल केली, वरिष्ठांच्या म्हणण्याला हरकत घेतली, तरी माझा पाणउतारा होणार नाही, अशी सगळ्यांची मिळून असलेली खात्री. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये एका उत्पादन कंपनीतल्या ५१ टीमचा अभ्यास करून ही कल्पना मांडली. त्याआधी त्या रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे निघाले: चांगलं नेतृत्व असलेल्या वॉर्डांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. तिथल्या परिचारिका चुका उघडपणे सांगत होत्या, बाकीच्या वॉर्डांत त्या दबून राहत होत्या. आपल्याकडे ज्या लाइनचा रिजेक्शन रिपोर्ट महिनोन्‌महिने स्वच्छ असतो तिचं कौतुक होतं. त्या लाइनवर आधी एकदा जाऊन उभं राहायला हवं.

तीच माणसं, तीच शेड

आपली माणसंच तशी आहेत, हे वाक्य नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत नेहमी कानावर येतं. कामाची आवड नाही, सांगितलं तरी ऐकत नाहीत, दांड्या मारतात. या तक्रारीला उत्तर म्हणून मला नेहमी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या कारखान्याची गोष्ट सांगावीशी वाटते.

तिथे जनरल मोटर्सचा गाड्या जोडायचा कारखाना होता. कंपनीतल्या सगळ्यात वाईट कारखान्यांत त्याची गणना व्हायची. गैरहजेरी २० टक्क्यांच्या वर जायची, अचानक संप व्हायचे, कामावर दारू चालायची. लाइन काही झालं तरी थांबवायची नाही हा तिथला पक्का नियम होता. चुकीचा पार्ट बसलेली, काही तर अर्धवट जोडलेली गाडीसुद्धा पुढे सरकायची आणि नंतर आवारात तिची दुरुस्ती व्हायची. लाइन थांबवणाऱ्याची नोकरी धोक्यात, खराब गाडी पुढे ढकलणाऱ्याला मात्र कुणी विचारत नव्हतं. १९८२ मध्ये जनरल मोटर्सने हा कारखाना बंद केला.

पुढे टोयोटा आणि जनरल मोटर्सने भागीदारीत तोच कारखाना पुन्हा उघडला. नाव ठेवलं न्युमी. १९८४ च्या अखेरीस तिथे गाड्या बनायला लागल्या. शेड तीच होती, युनियन तीच होती आणि घेतलेल्या कामगारांत बहुसंख्य जुनेच होते, ज्यांना कामचुकार म्हणून हिणवलं गेलं होतं तेच. व्यवस्थापनाची पद्धत तेवढी टोयोटाची आली. शेकडो लोकांना जपानमधल्या टोयोटाच्या कारखान्यात नेऊन प्रत्यक्ष काम दाखवलं गेलं. थोड्याच काळात गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली आणि दर्जात हा कारखाना टोयोटाच्या जपानी कारखान्यांच्या जवळ जाऊन पोहोचला.

बदललं काय, हे समजून घ्यायला लाइनवरची एक दोरी पाहावी लागते. टोयोटात तिला अँडॉनची दोरी म्हणतात. कामात कुठेही अडचण आली की कामगाराने दोरी ओढायची. दिवा लागतो, धून वाजते आणि टीम लीडर धावत येतो. लाइन लगेच थांबत नाही. त्या स्टेशनचं काम संपायच्या ठरलेल्या खुणेपर्यंत गाडी सरकत राहते, तेवढ्यात अडचण सुटली तर लाइन अखंड चालते आणि नाही सुटली तरच थांबते. टीम लीडर आला की पहिला प्रश्न असतो, काय मदत हवी? कुणाची चूक, हा विषय त्या क्षणी निघतच नाही.

दोरी बाजारात मिळते. दिवे आणि भोंगेही मिळतात, आपल्याकडच्या कितीतरी कारखान्यांत ते लागलेलेही आहेत. जनरल मोटर्सने न्युमीतून शिकून व्हॅन नाइसच्या आपल्या कारखान्यात हीच पद्धत आणायचा प्रयत्न केला होता, पण ती तिथे रुजली नाही आणि १९९२ मध्ये तो कारखाना बंद झाला. दोरी ओढल्यावर जो माणूस येतो तो कसा येतो, यात सगळी पद्धत आहे. कपाळाला आठ्या घालून आला तर उद्यापासून दोरीला कुणी हात लावणार नाही, आणि कागदावर मात्र आपल्याकडे अँडॉन असल्याची नोंद कायम राहील.

न्युमीतली आणखी एक गोष्ट मला दोरीपेक्षा मोठी वाटते. युनियनशी केलेल्या करारात कंपनीने शब्द दिला होता की गंभीर आर्थिक संकट आल्याशिवाय कुणाला कामावरून काढणार नाही. १९८८ मध्ये मागणी इतकी घसरली की कारखाना क्षमतेच्या ६० टक्क्यांखाली चालत होता. तरी माणसं काढली नाहीत. जास्तीच्या लोकांना ट्रेनिंगला आणि सुधारणेच्या कामांना लावलं. त्या वर्षी कामगारांना जे कळलं ते कुठल्याही भाषणातून कळलं नसतं.

वरच्या मजल्यावरही हेच चालतं. फोर्ड कंपनी २००६ मध्ये अब्जावधी डॉलरच्या तोट्यात होती तेव्हा ॲलन मुलाली प्रमुख म्हणून आले. दर गुरुवारच्या बैठकीत प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्या कामाचा तक्ता हिरवा, पिवळा किंवा लाल दाखवायचा असा त्यांनी नियम केला. कित्येक बैठका सगळे तक्ते हिरवे. कंपनी बुडत असताना हिरवे! शेवटी मार्क फील्ड्स यांनी एका नव्या गाडीच्या लॉन्चपुढे लाल रंग दाखवला. खोलीत शांतता पसरली, आता याची गच्छंती असं बाकीच्यांना वाटलं. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि याला कोण मदत करू शकेल असं इतरांना विचारलं. पुढच्या काही बैठकांत बाकीच्यांच्या तक्त्यांवरही लाल-पिवळे रंग दिसायला लागले. फील्ड्स पुढे २०१४ मध्ये त्याच कंपनीचे प्रमुख झाले.

मग चुकीला शिक्षाच नाही का?

इथे अनुभवी सुपरवायझर हटकून अडवतो. साहेब, असं लाडावून ठेवलं तर उद्या कुणी कामच करणार नाही. त्याची शंका खरी आहे. नुसतं सांभाळून घेतलं आणि कामाचा दर्जा मागितलाच नाही, तर टीम सुखात राहते आणि माल खराब निघतो. उलट दर्जा कडक मागितला आणि बोलायची सोय ठेवली नाही, तर लोक धास्तीत राहतात आणि लपवालपवी सुरू होते. दोन्ही नसेल तिथे माणसं फक्त हजेरीपुरती येतात. दर्जा पक्का आणि बोलायची मोकळीक, असं एकत्र जमलं तर टीम शिकते. म्हणजे विश्वास वाढवला की दर्जाचा आग्रह कमी करावा लागतो असा हिशेब नाही. दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाढवाव्या लागतात, आणि बहुतेक ठिकाणी एकीकडे लक्ष गेलं की दुसरी सुटते.

जबाबदारी ठरवताना सगळ्या चुका एका मापाने मोजल्या जातात, तिथे घोळ होतो. विमान वाहतूक आणि रुग्णालयांच्या क्षेत्रात यावर पुष्कळ विचार झाला आहे आणि त्यांनी केलेले तीन प्रकार आपल्या शॉपफ्लोअरवर जसेच्या तसे लागू पडतात. पहिली, अनवधानाने झालेली चूक. डाव्या हाताचा पार्ट उजव्या बिनमध्ये गेला. इथे माणसाला धीर द्यायचा आणि दोन बिन सारख्या रंगाच्या का आहेत ते शोधायचं. दुसरा प्रकार, हळूहळू अंगवळणी पडलेला शॉर्टकट. तिसरा, धोका समोर दिसत असूनही केलेली बेपर्वाई. तिसऱ्याला कारवाई हवीच. ती झाली नाही तर नीट काम करणाऱ्यांचाच विश्वास उडतो, आणि हे मुद्दाम सांगायला हवं, कारण समजूतदारपणाच्या नावाखाली पुष्कळ साहेब अवघड कारवाई टाळतात.

सगळ्यात अवघड प्रकार मधला, म्हणून त्यावर थोडं थांबतो. पॉवर प्रेसला दोन हातांची बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय रॅम, म्हणजे प्रेसचा दाबणारा भाग, खाली येत नाही, त्यामुळे बोटं डायमध्ये सापडत नाहीत. काही ठिकाणी एका बटणात लाकडाचा तुकडा किंवा चिंधी कोंबलेली दिसते, म्हणजे एका हाताने पार्ट ठेवायचा आणि दुसऱ्याने बटण दाबायचं. अपघात झाला की चौकशीत लिहिलं जातं: ऑपरेटरने सुरक्षा नियम मोडला. नियम त्याने मोडला हे खरंच आहे. पण चौकशी करणाऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा: याच्या जागी दुसरा तितकाच शिकलेला, तितकाच अनुभवी माणूस उभा केला असता, तर त्याने हेच केलं असतं का? उत्तर हो असेल तर दोष त्या एका माणसापुरता नाही. ताशी जो आकडा मागितला जातो तो दोन्ही हात बटणावर ठेवून निघतो का, हे कुणी घड्याळ लावून पाहिलं होतं का? सुपरवायझरच्या रोजच्या फेरीत तो लाकडाचा तुकडा त्याला दिसत नव्हता का? आकडा ठरवणारा, तुकडा पाहून पुढे जाणारा आणि तुकडा कोंबणारा, तिघांनाही उत्तर द्यावं लागलं तर ती जबाबदारी. फक्त तिसऱ्याला मेमो मिळाला तर उरलेल्या कामगारांना एकच धडा मिळतो, की पकडलं जायचं नाही.

साहेबावर विश्वास का बसत नाही

विश्वास नाही असं आपण एका दमात म्हणतो, पण तो तीन वेगळ्या कारणांनी नसू शकतो. मेयर, डेव्हिस आणि शूरमन या तीन अभ्यासकांनी १९९५ मध्ये केलेली ही मांडणी अजून वापरली जाते. समोरच्याला काम येतं का, त्याला माझं बरं व्हावं असं वाटतं का आणि तो शब्दाला जागतो का. उपाय करण्याआधी यातलं कुठलं तुटलंय ते पाहायला हवं.

मनमिळाऊ साहेब असतो, सगळ्यांची विचारपूस करतो, पण त्याने मंजूर केलेली रजा ऑफिसात अडकते आणि त्याने मागितलेला टूल महिनाभर येत नाही. लोकांना तो आवडतो, पण अडचण सांगायला त्याच्याकडे कुणी जात नाही, कारण सांगून उपयोग नसतो. त्याला वरून अधिकार द्यावे लागतात, त्याच्यासाठी स्नेहमेळावा भरवून काही होत नाही. उलट एखाद्या टूलरूममधला, म्हणजे डाय दुरुस्त करणाऱ्या विभागातला, जुना जाणकार फोरमन तोंडाने फटकळ असतो, तरी पोरं त्याच्याकडेच धावतात, कारण त्याचं काम पक्कं असतं आणि साहेबापुढे तो पोरांची बाजू सोडत नाही.

तिसरी गोष्ट, शब्दाची, सगळ्यात लवकर तुटते आणि फार सावकाश जुळते. ओटीचे, म्हणजे ओव्हरटाइमचे, पैसे याचं साधं उदाहरण. जादा कामाला दुप्पट दर द्यायचा हे १९४८ च्या कारखाना कायद्यापासून ठरलेलं आहे. तो दर न देता, किंवा दोन महिने लांबवून, वर विश्वासावर व्याख्यान ठेवणाऱ्या मालकाला लोक टाळ्या देतील, विश्वास देणार नाहीत. पगार, ओटी आणि पीएफ वेळेवर नसेल तर या लेखातलं बाकी काही करून पाहू नका. आधी तेवढं करा.

आवणीच्या दिवसांतली हजेरी

माणसाशी नातं ठेवायचं म्हणजे वाढदिवसाला केक कापायचा, असा समज रूढ झाला आहे. केकला माझी हरकत नाही. पण नाशिकच्या कारखान्यांत पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी भागातून आलेली पुष्कळ मुलं असतात. पाऊस लागला की त्यांच्या घरी भाताची आवणी सुरू होते. त्या दिवसांत घरचा प्रत्येक हात शेतात लागतो. ही मुलं जाणारच. रजा मागून मिळणार नाही हे माहीत असेल तर ती न सांगता जातील, फोन बंद ठेवतील आणि आठवड्याने येऊन आजारी होतो म्हणतील. साहेब हजेरीपटावर खोटेपणाची नोंद करतो आणि दर वर्षी त्याच महिन्यात त्याच मुलांवर चिडतो.

ज्या सुपरवायझरला कुणाची किती शेती आहे, आवणी साधारण कधी येते, घरी कोण-कोण आहे हे माहीत असतं, तो जूनमध्येच सगळ्यांना एकत्र बसवतो. तू पहिल्या आठवड्यात जा, तू दुसऱ्या, गोदामातल्या दोघांना आत्ताच मशीन शिकवून ठेवू. वर एक अट घालतो, ठरलेल्या दिवशी परत यायचं, आणि पाऊस लांबला तर आदल्या दिवशी फोन करायचा. इथे आपुलकीही आहे आणि जबाबदारीही. ज्याला आपली अडचण खरी सांगता आली, त्याच्याकडून दिलेल्या तारखेचा हिशेबही मागता येतो. चैत्रात वणीला पायी जाणाऱ्यांचं आणि द्राक्षाच्या हंगामात घरच्या बागेत लागणाऱ्यांचंही असंच नियोजन करता येतं.

द्राक्षाचा विषय निघाला म्हणून शेडबाहेरचं एक उदाहरण. २०१० मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वॅट, म्हणजे आपल्याकडे सीसीसी म्हणतात त्या वाढरोधकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले, कंटेनर अडकले आणि नाशिकच्या बागायतदारांना त्याचा जबर फटका बसला. आज निर्यातीच्या बागेची नोंदणी होते आणि अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या संगणकीय नोंदणीमुळे पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येतो. ही व्यवस्था हवीच. पण माग निघतो तो माल पॅक झाल्यावर. काढणीच्या तोंडावर चुकीचं औषध फवारलं गेलं, हे फवारणाऱ्या माणसाने त्याच संध्याकाळी सांगितलं तर तो प्लॉट थांबवता येतो, पुन्हा नमुना तपासता येतो, बाकीचा माल वाचतो. तो सांगेल का? मालक त्याच्या रोजावर पाणी फिरवणार असेल तर नाही सांगणार, आणि मग प्रयोगशाळेचा रिपोर्ट सांगेपर्यंत वाट पाहावी लागेल.

सुरुवात कुठून करायची

छोट्या कारखान्याच्या मालकाने सल्लागार नेमण्याची गरज नाही. शिफ्ट बदलताना दहा मिनिटं दोन्ही शिफ्टचे लोक एकत्र उभे करावेत आणि आज काय अडलं एवढंच विचारावं. पहिले काही दिवस सगळं ठीक आहे असंच उत्तर येईल. मग कुणीतरी एक बारीक गोष्ट सांगेल, पंखा बंद आहे, ट्रॉलीचं चाक जाम आहे. ती त्याच दिवशी दुरुस्त व्हायला हवी. लोक परीक्षा घेत असतात आणि ती चाकापासून सुरू होते, डाय आणि गेजपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. जे करता येणार नाही ते का येणार नाही हेही दुसऱ्या दिवशी त्याच जागी सांगावं. बघू म्हणून सोडून दिलेली गोष्ट नकारापेक्षा जास्त नुकसान करते. तक्रार आल्यावर कस्टमरला द्यायच्या एट-डी रिपोर्टमध्ये, म्हणजे आठ टप्प्यांच्या चौकशी अहवालात, मूळ कारण म्हणून ऑपरेटरचा निष्काळजीपणा असं लिहून फाइल बंद करायची सवय आहे, तीही सोडावी. तिथे आणखी दोनदा ‘असं का झालं?’ विचारलं की बहुतेक वेळा डाय मेंटेनन्सची तारीख किंवा अपुरं ट्रेनिंग निघतं.

एक अडथळा मात्र मालकाखेरीज कुणीच दूर करू शकत नाही. आज पुष्कळ मशीनवर ठेकेदाराची माणसं उभी असतात. त्यातलं कुणी बिहार-उत्तर प्रदेशातून आलेलं, कुणी मराठवाड्यातून, कुणी सुरगाण्यातून. एका फोनवर त्यांची बदली होते किंवा काम सुटतं. ज्याची उद्याची हाजरी पक्की नाही तो आज मशीन कशासाठी थांबवेल? त्यामुळे दोष दाखवल्यामुळे किंवा मशीन थांबवल्यामुळे कुठलाही कंत्राटी कामगार आमच्याशी बोलल्याशिवाय काढायचा नाही, हे ठेकेदाराच्या ऑर्डरमध्ये लेखी घालावं. मग ते मराठीत आणि हिंदीत, ठेकेदाराला शेजारी उभं करून, त्या कामगारांना तोंडी सांगावं. आणि पहिल्यांदा कुणी मशीन थांबवली की त्या रात्री मालकाने स्वतः शेडवर जाऊन तो पार्ट हातात घेऊन पाहावा, ऑपरेटरचं पूर्ण ऐकून घ्यावं, आणि डाय टूलरूमला पाठवायची की नाही हे त्याच्यासमोर ठरवावं.